संशयास्पद धातू, नग दोन

सोमवार, ३ मार्च. सकाळी ८.४०
जेलच्या गेटवर बसून नव्या रजिस्टरचे रकाने पट्टीने आखत होतो. तेव्हा वाटलं, एक वही स्वतःसाठीही ठेवावी. रजिस्टर सरकारचं, ही वही माझी. शुद्धलेखन दोन्हींत सारखंच राहील.

परिस्थिती: मी हंगामी. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे साहेब १ एप्रिलला ठरवणार. दिवस उरले एकोणतीस.

संकल्प: (१) कोणाचं तोंड बघून तपासणी करायची नाही. (२) प्रत्येक नोंद वेळेसह. (३) ताठ बसणे. तिसरा संकल्प यासाठी की शनिवारी साहेब जाता जाता म्हणाले, गेटवरचा माणूस प्रश्नचिन्हासारखा दिसतो. मी हसलो. घरी गेल्यावर हसू आलं नाही.

दुपारी १.१५
नवं मशीन लागलं. दाराच्या चौकटीसारखं आहे. माणूस मधून गेला आणि अंगावर धातू असला की वाजतं, आणि कुठे आहे तेही दाखवतं. डोकं, छाती, कंबर, पाय, असे चार दिवे.

आत जायला दोन दारं. डावं पुरुषांचं, उजवं बायकांचं. डाव्या दारात मशीन बसेना, दार चार बोटं अरुंद. म्हणून उजव्यात बसवलं. मिस्त्रीने विचारलं, मग पुरुषांचं काय? हवालदार म्हणाले, पुरुषांना रजिस्टर आहे की.

मशीनचा कान किती तिखट ठेवायचा, त्याचं बटण एक ते दहा आहे. दहावर ते आपलं आपणच वाजतं. नऊवर ठेवलं.

मंगळवार, ४ मार्च
पहिला दिवस यशस्वी. दातांच्या डॉक्टरबाई आल्या. त्यांच्या चिमट्या-पकडींची यादी मंजूर आहे, ती पेटी बाजूने आत घेतली. बाई मशीनमधून आल्या आणि मशीन वाजलं. दिवा छातीचा.

बायकांची झडती मावशी घेतात. म्हणजे शिपाईबाई, पन्नाशीच्या पुढच्या. सगळे त्यांना मावशी म्हणतात आणि त्या मला मास्तर म्हणतात. माझं शिक्षण दहावीपर्यंत (परीक्षा सोडून), तरी शुद्धलेखनामुळे हा मान मिळतो. मावशी बाईंना पडद्याआड घेऊन गेल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, काही नाही, सोड. मी विचारलं, काही नाही तर वाजलं कसं? म्हणाल्या, तुला सांगण्यासारखं नाही.

मला सांगण्यासारखं नाही म्हणजे गंभीर असणार. धातू काढून ट्रेमध्ये ठेवा असं मी नम्रपणे सांगितलं. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं, पेटी उचलली आणि परत गेल्या.

रजिस्टरमध्ये लिहिलं: संशयास्पद धातू, छातीच्या भागात, अर्धवर्तुळाकार, नग दोन. (आकार आणि नग मावशींनी पडद्याआडून रागाने हात करून दाखवले त्यावरून.)

गुरुवार, ६ मार्च
सकाळी १०.२०. एक वकीलबाई आल्या. हातात फाईल. कैदी क्रमांक ४१७ ला भेटायचं होतं. हा बस कंडक्टर. तिकिटांच्या पैशांत अफरातफर केली म्हणून तीन वर्षं. बाईंचं म्हणणं, हिशेब डेपोने फिरवला आहे. अपिलाच्या प्रत्येक पानावर त्याची सही पाहिजे. अपील दाखल करायची मुदत २१ तारीख, शुक्रवार, संध्याकाळी पाच. त्यानंतर तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं.

मशीन वाजलं. दिवा छातीचा. पुन्हा तेच, नग दोन.

काढून ट्रेमध्ये ठेवा म्हटलं. बाई आवाज न चढवता म्हणाल्या, “माझ्या आधी तीन वकील आत गेले. त्यांनी काय काढून ठेवलं?”

मी सांगितलं, त्यांचं वाजलं नाही. त्यांनी विचारलं, ते मशीनमधून गेले का? मी म्हटलं, ते डाव्या दाराने गेले. त्यावर त्यांनी डाव्या दाराकडे पाहिलं आणि फाईलवर काहीतरी टिपून घेतलं. माझा मुद्दा पटला असावा. परत गेल्या, १०.३५.

४१७ मुलाखतीच्या खोलीत नऊपासून केस विंचरून बसला होता. शिस्त चांगली आहे.

शुक्रवार, ७ मार्च
मावशींनी डबा खाताना विचारलं, जाकीटवाल्यांना का रे अडवत नाहीस? जाकीटवाले म्हणजे मोठे वकील, उन्हाळ्यातसुद्धा जाड जाकीट घालतात. मला ‘साहेब’ म्हणतात. या इमारतीत मला साहेब म्हणणारा तो एकच माणूस. सोमवारी त्यांनी मला एक पेन दिलं, शाई न गळणारं.

मावशींचा प्रश्न रास्त होता, आणि मी कोणाचं तोंड बघत नाही. म्हणून रजिस्टरच्या पहिल्या पानावर नियम लिहून टाकले. त्यातला चौथा: महिन्यात पाच वेळा गेटवर आलेली व्यक्ती ओळखीची समजावी. ओळखीच्या व्यक्तीस मशीनमधून जाण्याची गरज नाही. नोंद करून आत सोडावे. जाकीटवाले आज पाचव्यांदा आले. बसले नियमात. खाली साहेबांची सही घेतली. साहेब फोनवर होते, न वाचता केली. माझ्यावरचा विश्वास.

नोंद: जाकीटवाले, आत ११.००, जाकीट जड (कायद्याची पुस्तकं असावीत). बाहेर ११.४०, जाकीट सैल. आत उकडतं, माणूस लगेच उतरतो.

शनिवार, ८ मार्च
मेडिकलच्या दुकानातून पाठीचा पट्टा घेतला. शर्टाच्या आत घालायचा, कोणाला दिसत नाही. मागे चार उभ्या पट्ट्या आहेत, वाकूच देत नाहीत. किंमत ९५०. रोख दिले ३००. यात भावोजींकडून उसने २००. बाकी दुकानदाराला महिन्याअखेर.

घालून आरशासमोर उभा राहिलो. कायम झाल्यासारखा दिसलो.

सोमवार, १० मार्च
पट्ट्यात श्वास पुरत नाही, पण श्वास तासाभराने आपोआप लहान होतो.

वकीलबाई पुन्हा आल्या. डोक्यातल्या पिना आधीच काढून आणल्या होत्या. मशीन वाजलं, छाती. त्यांची अडचण समजून मी रविवारी घरी बसून एक खास पावती तयार केली होती. वस्तू पाकिटात, पाकिटावर लाख, लाखेवर माझी सही, जाताना परत. ट्रेपेक्षा किती सभ्य. पावती दाखवली. बाईंनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, ही तुम्ही स्वतः केलीत? मी हो म्हटलं. त्यांनी एक प्रत मागून घेतली आणि फाईलमध्ये जपून ठेवली.

चांगल्या कामाची कदर असते. आत मात्र गेल्या नाहीत.

मंगळवार, ११ मार्च
दातांच्या डॉक्टरबाई आजही परत गेल्या. आतून कळलं की बराकीत अकरा जणांचे गाल सुजले आहेत. हवा बदलते आहे.

संध्याकाळी ठरवलं, धातूचा छडा लावायचाच. घरी ताई आणि भावोजी. मी त्यांच्याकडे राहतो. ताई शिवणकामाच्या दुकानात कटिंग करते, वस्तूंचे आकार तिला कळतात. तिला कागदावर आकृती काढून दाखवली: दोन अर्धवर्तुळं, शेजारीशेजारी, धातूची, छातीवर. विचारलं, ही काय वस्तू असू शकते? माझा अंदाज, चोरखिशाची कडी किंवा एखाद्या यंत्राचे सुटे भाग.

भावोजींनी आकृती पाहिली आणि पाणी प्यायला आत गेले, ते आलेच नाहीत. ताई आधी हसली. मग भिंतीला टेकून हसली. मग खाली बसली. डोळे पुसून तिने सांगितलं.

जेवलो नाही.

नंतर ताई हसायची थांबली. म्हणाली, “अरे बावळटा, रांगेत सगळ्यांसमोर तू त्यांना ते काढायला सांगितलंस? उद्या मला कोणी असं सांगितलं तर?” मी म्हटलं, तू वकील नाहीस, त्यामुळे प्रश्न लागू होत नाही. तिने कात्री टेबलावर ठेवली. जरा जोरात.

निर्णय: इतकी नाजूक बाब उघड लिहिणं बरं नाही. उद्यापासून रजिस्टरमध्ये ‘वस्तू क’ लिहायचं.

गुरुवार, १३ मार्च
वकीलबाई तिसऱ्यांदा. आज ‘वस्तू क’ अजिबात नव्हती, मावशींनी शपथेवर सांगितलं. बाईंनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण कोट गळ्यापर्यंत घट्ट धरून मशीनमधून आल्या. वाजलं. कोटाचे हूक. कोट काढला. वाजलं. बुटांच्या टाचेतले खिळे. बूट काढले. वाजलं. हे कशाने, ते मलाही कळलं नाही. मावशी म्हणाल्या, तिच्या दाढेत चांदी भरली असेल, काढून घेतोस का?

बटण खाली करावं का, असा विचार क्षणभर आला. पण नऊ म्हणजे नऊ. बाई मोज्यांवर उभ्या होत्या. शेजारच्या दाराने पाण्याच्या मशीनचा मेकॅनिक पाने-पकडींची पिशवी घेऊन आत गेला. त्याची नोंद मी वेळेवर केली.

मला अगदीच काही वाटलं नाही असं नाही. पट्टा फार आवळला गेला होता.

शुक्रवार, १४ मार्च
दोन आठवड्यांचा तक्ता केला. लाल-निळ्या शाईत.

मशीनमधून गेलेल्या बायका: ३८. वाजलं: ३१.
डाव्या दाराने गेलेले पुरुष: १६४. वाजलं: ०.

निष्कर्ष: जेलमध्ये धातू आणण्याकडे बायकांचा कल जास्त आहे. सुशिक्षित बायकांचा विशेष.

तक्ता साहेबांच्या टेबलावर ठेवला. मावशींनी तो वाचून मला विचारलं, शाळेत गणित कोण शिकवायचं? नाव सांगितलं. म्हणाल्या, अजून आहेत का ते गृहस्थ, भेटायचं होतं.

सोमवार, १७ मार्च
वकीलबाई चौथ्यांदा आल्या. मशीनकडे गेल्या आणि ते वाजलं, हे आता दोघांनाही अपेक्षित होतं. मग त्या सरळ माझ्या टेबलाशी आल्या. त्यांना रजिस्टरची नक्कल हवी होती. नियमांच्या पानासह, तक्त्यासह. अर्ज लिहूनच आणला होता, अर्जात एकही चूक नाही.

मला फार बरं वाटलं. आजवर हे रजिस्टर कोणी मन लावून वाचलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत आणि नंतर साडेचारपर्यंत बसून चौदा पानं हाताने लिहून दिली. जाकीट जड, जाकीट सैल, सगळं शब्दशः. पानाला दोन याप्रमाणे २८. त्यांनी ३० दिले. सुटे नव्हते. २ देणे लागतो असं पावतीवर लिहिलं.

जाताना बाई म्हणाल्या, अक्षर फार वाचनीय आहे. ताईला सांगितलं. ताई म्हणाली, देव तुझं भलं करो. तिचा सूर नीट कळला नाही.

मंगळवार, १८ मार्च
बाई पाचव्यांदा. वाजलं. परत. त्या आज अजिबात रागावल्या नाहीत. नोंद झाली ना, एवढंच विचारलं. दाखवली. वेळ तपासून गेल्या.

४१७ ने हवालदाराकडे चौकशी केली म्हणे, वकीलबाईंनी केस सोडली का. हवालदार म्हणाले, गेटवर तांत्रिक अडचण आहे.

मी अडचण नाही. तरी नोंदवून ठेवतो.

शुक्रवार, २१ मार्च. दुपारी ४.५०
मुदतीचा दिवस. जे घडलं ते लगेच लिहितो आहे, कारण ते सर्वस्वी माझ्या पुढाकाराने घडलं.

४.०८ ला वकीलबाई आल्या. कोर्टाची कचेरी पाचला बंद, आणि ती चौकापलीकडे. मी उजव्या दाराकडे हात केला. त्या डाव्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. पुढे दोन पुरुष होते, ते बाजूला झाले. मी म्हटलं, ही पुरुषांची रांग. त्यांनी माझ्यासमोर नकलेचं पहिलं पान ठेवलं.

“हे अक्षर तुमचंच?”
“माझंच.”
“काही चूक?”
“एकही नाही.”
“मग चौथा नियम मोठ्याने वाचा. आणि मी किती वेळा आले ते तुमच्या रजिस्टरमध्ये मोजा.”

वाचला. मोजलं. ६, १०, १३, १७, १८. पाच. पाचही वेळा मीच परत पाठवलं होतं, पण गेटवर त्या आल्या होत्या, वेळेसह, माझ्या सहीने. खाली साहेबांची सही. मावशी माझ्याकडे अशा बघत होत्या की मला पट्ट्याची गरजच वाटली नाही.

नियम म्हणजे नियम. लिहिलं: ओळखीची व्यक्ती. आत ४.१४.

४.३३ ला बाहेर आल्या. फाईल छातीशी धरली होती. रस्ता त्यांनी जवळजवळ पळतच ओलांडला. मावशी गेटबाहेर जाऊन त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत उभ्या होत्या. परत आल्यावर त्यांनी मला न विचारता माझ्यासाठी चहा मागवला. पैसे त्यांनीच दिले.

थोडक्यात, मी वेळेवर योग्य निर्णय घेतल्यामुळे एका कंडक्टरचं अपील वाचलं. हे १ एप्रिलला साहेबांना सांगावं का? स्वतःची स्तुती बरी दिसत नाही. सहज विषय काढावा.

सोमवार, २४ मार्च
अचानक बराकींची झडती झाली. नऊ मोबाईल, सहा चार्जर, एक छोटा स्पीकर. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. विचारलं, हे आलं कुठून? मी लगेच माझा तक्ता पुढे केला. पुरुष ०, बायका ३१.

साहेबांनी तक्ता बाजूला ठेवला आणि रजिस्टर मागितलं. पानं उलटू लागले. जाकीट जड. जाकीट सैल. जाकीट जड. जाकीट सैल. पंधरा वेळा. प्रत्येक वेळी माझी सही. मग पहिलं पान उघडलं, नियमांखाली स्वतःची सही दिसली, आणि रजिस्टर हळूच मिटलं.

साहेब हळू आवाजात म्हणाले, इतकं व्यवस्थित कोणी लिहिलेलं त्यांनी कधी पाहिलं नाही. बाहेर आल्यावर हवालदार म्हणाले, ही स्तुती नव्हती. हवालदारांना भाषेची जाण कमी.

पेन जप्त झालं. जाकीटवालेही.

गुरुवार, २७ मार्च
वकीलबाईंनी वरच्या कोर्टात अर्ज केला होता, त्याचा आदेश आला. पुरावा म्हणून माझी चौदा पानं. पावतीही. आदेशात लिहिलं आहे, ‘गेटवरील नोंदी अत्यंत तपशीलवार आहेत.’ घरी मोठ्याने वाचून दाखवलं. ताईने पुढचं वाक्य वाच म्हटलं. पुढचं वाक्य लांब होतं, वाचलं नाही. मग तिने कागद घेऊन स्वतःच वाचलं. भावोजी पाणी प्यायला आत गेले.

आदेशाचं सार: १ एप्रिलपासून बाई, पुरुष, वकील, डॉक्टर आणि गेटवरचे कर्मचारी, सगळे एकाच मशीनमधून जातील. बटण पाचवर. डावं दार रुंद होईपर्यंत सगळे उजव्या दाराने. कोणालाही अंगावरचे कपडे काढायला सांगता येणार नाही. वाजलं तर हातातल्या यंत्राने बाजूला तपासणी, बाईची बाईने, पुरुषाची पुरुषाने. आणि नोंद.

१ तारखेला ताठ दिसणं आता जास्तच गरजेचं आहे. पट्टा एक भोक आत घ्यायचा.

मंगळवार, १ एप्रिल. सकाळी ८.४०
नव्या पद्धतीचा पहिला दिवस. रांग मोठी. पुढे हवालदार. माझ्या मागे दातांच्या डॉक्टरबाई, त्यांच्या मागे वकीलबाई. साहेब स्वतः खिडकीत उभे. मी शर्ट नीट केला, मान वर केली आणि मशीनमधून चाललो.

वाजलं. दिवा छातीचा.

मागे आलो, पुन्हा चाललो. वाजलं. रजिस्टर आता मावशींकडे आहे. त्यांनी पेन उघडून विचारलं, मास्तर, आत काय आहे? मी म्हटलं, सांगण्यासारखं नाही.

रांगेतून कोणीतरी म्हणालं, काढून ट्रेमध्ये ठेवा. पुरुषाचा आवाज होता. हवालदारांनी ट्रे खरोखरच उचलला. आत चार पोलादी पट्ट्या, त्यावर आवळलेले बंद, आणि तो पट्टा काढायचा तर शर्ट काढायचा, तोही साहेबांच्या खिडकीसमोर. माझे कान तापले. पट्ट्यामुळे नव्हे.

तेव्हा वकीलबाई पुढे आल्या. म्हणाल्या, “ट्रे ठेवा खाली. त्यांना काही काढायला लावू नका. आदेश सगळ्यांना आहे.”

हवालदारांनी मला बाजूला नेऊन हातातल्या यंत्राने तपासलं. दीड मिनिट लागलं. एवढंच होतं ते. दीड मिनिटाचं काम.

मावशींनी लिहिलं: संशयास्पद धातू, पाठीच्या भागात, नग चार. त्या नोंदीत शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. मी त्या दुरुस्त केल्या नाहीत.

सकाळी ११.१०
४१७ सुटला, जामिनावर. अपील दाखल झालं आहे. केस विंचरलेले होते. गेटबाहेर उभा राहून त्याने आधी वर पाहिलं, मग रस्त्यावरून जाणारी बस दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

संध्याकाळी ५.३०
साहेबांनी सांगितलं, आणखी सहा महिने हंगामी. उद्यापासून गेटवर नाही, सामानाच्या कपाटांच्या चाव्यांवर. विषय काढला नाही.

पट्टा परत करायला दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, अंगाला लागलेली वस्तू परत घेत नाही, नियम आहे.

हिशेब:
पाठीचा पट्टा: ९५०. रोख दिले ३००. दुकानदाराला देणे ६५०.
भावोजींकडून उसने: २००. ते म्हणाले, पट्टा मला दे, फिटेल. कंबर दुखते त्यांची. दिला.
पेन: फुकट मिळालं, फुकट गेलं.
मावशींचा चहा: १. देऊ केला तर म्हणाल्या, तो चहा पुढच्या महिन्यात पाज, पगार झाल्यावर, आणि डॉक्टरबाईंनाही बोलाव.
वकीलबाईंना देणे: २. दुपारी गेटवर गाठून दिले. त्यांनी तळहातावर उलटेपालटे करून पाहिले आणि तिथेच पावती लिहून दिली. वहीत चिकटवली आहे: नाणी, धातूची, नग दोन. संशयास्पद काही नाही.